चिडाची चीड कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या बहुतेकांनी वाळूच्या कडेने उभी असलेली सुरूची बने पाहिली असतील. वारा सुटला की त्यांतून एक लांबलचक सुस्कारा ऐकू येतो. खाली तपकिरी काड्यांचा मऊ थर पसरलेला असतो, त्यात छोटी खरखरीत बोंडे सापडतात, आणि आपल्यापैकी कुणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो, "हे पाइनचे झाड बरं का!" वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे विधान इतक्या वेळा ऐकले आहे, की आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच करणे सोयीचे वाटते.

सुरू हा पाइन नाही. त्याचे पाइनशी जवळचे नातेही नाही. सुरूची जी 'पाने' आपल्याला दिसतात ती खरे तर हिरव्या बारीक डहाळ्या असतात. एक काडी तोडून उजेडात धरा. तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने पेरे दिसतील आणि प्रत्येक पेऱ्यावर दातेरी कडा असलेले एक इवलेसे वेढे दिसेल. तीच सुरूची खरी पाने. शिवाय सुरूला फुले येतात. ती डोळ्यांत भरत नाहीत, एवढेच. पाइनला मात्र फूल येतच नाही, म्हणून फळही नाही. त्याचे बी कोणत्याही फळात झाकलेले नसते, ते शंकूच्या खवल्यावर उघडे बसलेले असते. अशा वनस्पतींना आपण 'प्रकटबीज' म्हणतो. पृथ्वीवर फुले उमलू लागली त्याच्या कितीतरी आधीपासून हा वंश इथे आहे.

दक्षिण भारतात आणि आपल्या सह्याद्रीत निसर्गतः वाढणारा एकही पाइन नाही. उटी-कोडाईकनालला जे दिसतात ते माणसाने लावलेले आहेत. आपल्या देशातले स्वतःचे पाइन भेटतात ते हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. जगभरात पाइनच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्या ओळखण्याची एक सोपी युक्ती मी विद्यार्थ्यांना सांगत असे : झाडाकडे मान वर करून पाहण्याआधी खाली पडलेली पाने उचला आणि मोजा. पाइनची सुईसारखी पाने एकेकटी नसतात, ती जुडीने येतात आणि जुडीच्या बुडाशी पातळ पापुद्र्याचे वेष्टन असते. जुडीत पाच सुया असतील तर तो हिमालयाच्या उंच भागातला कैल असण्याची शक्यता मोठी. तीन असतील आणि वीतभर किंवा त्याहूनही लांब असतील, तर तो चीड. मेघालयातल्या खासी पाइनलाही तीनच, पण बऱ्याच नाजूक. किन्नौरच्या कोरड्या डोंगरांतल्या चिलगोझ्यालाही तीन, पण आखूड आणि ताठ. दिवाळीच्या सुक्या मेव्यात आपण जो महागडा चिलगोझा विकत घेतो, ते याच पाइनचे बी. फळ नसलेल्या झाडाचा हा मेवा!

आणखी एक गंमत करून पाहा. चिडाच्या एका जुडीतल्या तिन्ही सुया बोटांत धरून एकमेकींना चिकटवा. त्यांची मिळून एक गोल काडी तयार होते. दोन सुयांच्या पाइनमध्ये प्रत्येक सुई अर्धगोल असते, पाचांच्या जुडीत प्रत्येक सुई वर्तुळाचा पाचवा हिस्सा असते. सुईची अंगकाठी जुडीतल्या भावंडांच्या संख्येवर ठरते.

सुईसारखे पान ही मोठी काटकसर आहे. पान रुंद असले तर ऊन भरपूर मिळते, पण पाणीही भरपूर उडून जाते. सुईचा पृष्ठभाग कमी असतो, वर मेणाचा जाड थर असतो, आणि श्वास घेण्याची छिद्रे खोलगट खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे जिथे मातीचा थर पातळ आहे, उतार उन्हात भाजून निघतो, आणि आठ-आठ महिने धड पाऊस नाही, अशा जागीही पाइन उभा राहतो. या कामात त्याला एक भागीदार असतो. पाइनच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण असते. ही बुरशी मातीतले पाणी आणि क्षार मुळांना पुरवते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. दक्षिण गोलार्धातल्या काही देशांत पाइनची लागवड सुरू झाली तेव्हा रोपे पिवळी पडून खुंटत होती. जुन्या पाइनखालची माती आणून मिसळल्यावर ती तरारली. त्या मातीबरोबर भागीदार येऊन पोचला होता.

आता वंशवृद्धीची गोष्ट. एकाच झाडावर दोन प्रकारचे शंकू येतात. नर शंकू लहान, झुबक्याने येणारे. वसंतात त्यांतून पिवळाधमक पराग असा उडतो, की डोंगरउतारावर हळद उधळल्यासारखे वाटते. परागाच्या प्रत्येक कणाला हवेने भरलेले दोन छोटे फुगे असतात. मधमाशीची वाट पाहण्याचे कारण नाही, सगळी मदार वाऱ्यावर. पराग मादी शंकूवर पोचल्यानंतर मात्र झाड अजिबात घाई करत नाही. परागकण पोचणे आणि प्रत्यक्ष फलन होणे यांत साधारण वर्ष जाते. चिडाचा शंकू पिकायला दोन वर्षे लागतात. मग कडक उन्हाळ्यात खवले उकलतात आणि पंख असलेले बी गिरक्या घेत दूरवर जाते. म्हणजे आज झाडाखाली पडलेला शंकू हा दोन वर्षांपूर्वीच्या वाऱ्याचा हिशेब असतो.

पाइनच्या दीर्घायुष्याचीही ख्याती आहे. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइनचा 'मेथुसेलाह' नावाचा एक वृक्ष आहे. १९५७ साली एडमंड शुलमन यांनी त्याच्या खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून वर्तुळे मोजली. आज त्याचे वय ४,८०० वर्षांहून अधिक मानले जाते. आपला चीड इतका चिरंजीव नाही. पण त्याच्यापाशी दुसरी विद्या आहे. आगीशी जमवून घेण्याची.

चिडाची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. एप्रिल ते जून, नेमके जंगल सर्वात कोरडे असते तेव्हा, झाडाखाली सुयांची गादी तयार होते. कुमाऊँ-गढवालमध्ये तिला 'पिरूल' म्हणतात. या सुयांत राळेचा अंश असतो, त्या लवकर कुजत नाहीत, आणि एकावर एक पडताना मधे हवा राहते. पेटायला याहून चांगली रचना कोणती? ठिणगी पडली की आग जमिनीलगत वेगाने धावत सुटते. मोठ्या चिडाचे मात्र सहसा फारसे बिघडत नाही. त्याची साल जाड, थरांची आणि भेगाळलेली असते, आतल्या जिवंत भागाला ती चिलखतासारखी जपते. काही शंकू आगीच्या धगीनेच नीट उकलतात. बी पडते ते राखेने मोकळ्या झालेल्या मातीवर, जिथे झाडोरा जळून गेल्याने ऊनही भरपूर आहे, आणि चिडाच्या रोपाला हेच हवे असते. कोवळे रोप वरून जळाले तरी पुष्कळदा बुडातून पुन्हा फुटते. पाइनच्या कुळात ही शक्ती थोड्याच जातींना आहे. थोडक्यात, जी आग शेजाऱ्याला संपवते, ती चिडाला जागा करून देते.

हे आजचे नाही. संस्कृतात या झाडाचे नाव 'सरल'. त्याच्या सरळसोट खोडाला शोभणारे. कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष मेघाला सांगतो, की हिमालयात वारा सुटल्यावर सरल वृक्षांच्या घर्षणातून वणवा पेटलेला दिसला, तर तो आपल्या धारांनी विझव. ज्या रामगिरीवरून हा निरोप निघाला तो म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक, असे बरेच अभ्यासक मानतात. विदर्भातून निघालेल्या मेघाला हिमालयातल्या पाइनच्या वणव्याची खबर दिलेली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण 'चीड हे इंग्रजांनी आणून लावलेले झाड' असे विधान पर्यटकांच्या गप्पांत हमखास ऐकू येते. चीड हा हिमालयाचा मूळ रहिवासी आहे. इंग्रजांनी त्याला दिले ते शास्त्रीय नाव, आणि तेही सरळ मार्गाने नाही. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी 'लांब पानांचा पाइन' अशा अर्थाचे नाव ठेवले होते. ते नियमात बसेना, म्हणून १८९७ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ सार्जंट यांनी रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ 'पायनस रॉक्सबर्गाय' हे नाव दिले.

मग इंग्रजांचा संबंध कुठे येतो? तो येतो झाडाच्या हिशेबात. १८१५ साली कुमाऊँ कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे रेल्वे आली, रुळांखाली घालायला लाकूड हवे झाले. साल आणि देवदार यांचे लाकूड मुळातच टिकाऊ, त्यांच्यावर आधी कुऱ्हाड पडली. चिडाच्या लाकडावर औषधी तेलाची प्रक्रिया केली तर तेही टिकते हे समजल्यावर चिडाला भाव आला. त्याहून मोठा भाव आला तो त्याच्या राळेला. तिथे तिला 'लीसा' म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गंधबिरोजा मिळतो, तो हाच.

लीसा ही झाडाची मलमपट्टी आहे. खोडाला जखम झाली की आतल्या नलिकांतून हा चिकट द्रव पाझरतो, जखम बंद करतो, किड्यांना आणि बुरशीला अडवतो. माणसाने ही मलमपट्टी मिळवण्यासाठी मुद्दाम जखम करायला सुरुवात केली. साल तासायची, खाच पाडायची, खाली पत्र्याची पन्हळ ठोकायची आणि भांडे टांगायचे. लिशाचे ऊर्ध्वपातन केले की दोन वस्तू मिळतात. उडून जाते ते टर्पेंटाइन, मागे राहते ती घट्ट राळ. रंगकामापासून कागदापर्यंत आणि डाग देण्यापासून व्हायोलिनच्या गजापर्यंत त्यांचा उपयोग. बरेलीजवळच्या क्लटरबकगंज येथे त्यासाठी मोठा कारखाना उभा राहिला. पण ज्या झाडाची साल वणव्यापासून त्याचे रक्षण करते, त्याच सालीत आपण खिडकी पाडली. लिशाने माखलेली खाच पहिल्यांदा पेट घेते, आग खोडात शिरते, आणि पोखरलेले झाड पुढच्या वादळात कोसळते. खोल खाचांऐवजी उथळ रेघा पाडून सौम्य आम्ल फवारण्याची पद्धत पुढे आली ती यामुळेच. तीही काळजीपूर्वक वापरली तरच निभावते.

१९११ ते १९१७ या काळात कुमाऊँमध्ये सरकारने जंगलांची नवी व्यवस्था लावली. गुरे कुठे चारायची, लाकूड किती घ्यायचे, उतार पेटवायचा की नाही, सगळ्यावर बंधने आली. पावसानंतर चांगले गवत यावे म्हणून चिडाखालचा पिरूल हलक्या आगीने जाळणे ही तिथली जुनी रीत. ती गुन्हा ठरली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या सरयूच्या पाण्यात सोडल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची जंगले पेटली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी 'द अनक्वाएट वुड्स' या १९८९ च्या ग्रंथात याची तपशीलवार मांडणी केली आहे. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आगी लागल्या त्या प्रामुख्याने सरकारच्या कमाईच्या चीडवनांत. बांजची वने लोकांनी जवळपास सोडून दिली. राग आंधळा नव्हता. या संघर्षातूनच पुढे १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले आणि गावांच्या हाती थोडे जंगल परत आले.

हा बांज कोण? तो ओक वृक्षाचा हिमालयातला एक प्रकार. कुमाऊँच्या खेड्यांतून विद्यार्थ्यांना घेऊन हिंडताना मी पाहिले, की बांजचा विषय निघाला की बायकांचा आवाज बदलतो. त्याचा पाला गुरांना चालतो, गळलेल्या पानांचे उत्तम खत होते, सरपण चांगले जळते, आणि जिथे बांज तिथे झऱ्याला पाणी, असा त्यांचा अनुभव. चिडाचा पाला गुरे खात नाहीत. पिरूल गोठ्यात अंथरायला चालतो, पण त्याचे खत व्हायला फार वेळ लागतो, आणि उतारावर त्यावरून पाय असा घसरतो, की डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईच्या जिवावर बेतावे. अनेक ठिकाणी बांज तुटत गेला आणि त्याच्या जागी चीड आला. मग गावाने चिडाला शत्रू ठरवावे, यात नवल नाही.

पण शास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबले पाहिजे. चीड मुळात उन्हाच्या, कोरड्या, पातळ मातीच्या उतारावर वाढतो. बांजला थंड, ओलसर, खोल माती आवडते. तेव्हा चिडाखाली माती कोरडी दिसते यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. काही अंशी चिडामुळे माती कोरडी राहत असेल, पण पुष्कळ अंशी माती कोरडी होती, उघडी पडली होती, म्हणून तिथे चीड उगवू शकला. बांजच्या फांद्या वर्षानुवर्षे ओरबाडल्या, रोपे गुरांनी खाल्ली, आग वारंवार लागली, उतार बोडका झाला, की तिथे आधी पोचणारा चीडच असणार. रिकाम्या घरात शिरणाऱ्याला आपण घर मोडल्याचा दोष देत असतो.

याचा अर्थ चीड अगदी निर्दोष आहे असाही नाही. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिडाच्या गळलेल्या सुयांत कर्ब फार आणि नत्र थोडे असते. त्या कुजवणारे सूक्ष्मजीव आपली भूक भागवायला मातीतलेच नत्र उचलतात आणि अडवून धरतात. बांजच्या रोपाला मात्र नत्र भरपूर लागते. त्यामुळे एकदा चीड आला की बांजला परत येणे कठीण होते. म्हणजे चीड स्वतः दार फोडत नाही, पण आत आल्यावर कडी लावून घेतो. उपाय शोधताना ही दोन्ही वाक्ये एकत्र ध्यानात ठेवावी लागतात.

हा वाद केवळ वर्गातला नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी, चिपको आंदोलनानंतर, तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या हिमालयीन भागात १,००० मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यावर बंदी आली. त्या काळी ती आवश्यकच होती. पण बांज आणि चीड दोघांनाही एकच नियम लागू झाला, आणि चीड तोडायला परवानगी द्यावी की नाही याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. दरम्यान उन्हाळे अधिक कडक होत आहेत, हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ अनेकदा हुलकावणी देतात. २०१६ साली उत्तराखंडात वणव्यांनी हाहाकार उडवला. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळची आग विझवायला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना तलावातून पाणी उचलावे लागले. त्याच वर्षी १३ जूनला अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातल्या चौघांचा जागीच होरपळून मृत्यू झाला. या आगी बहुतांशी माणसाच्या हातूनच लागतात. कधी बेफिकिरीने फेकलेली विडी, कधी शेतातला जाळलेला पालापाचोळा, कधी गवतासाठी लावलेली आणि हाताबाहेर गेलेली आग.

मग करायचे काय? सगळे चीड तोडून टाका, हे उत्तर सोपे आहे आणि घातकही. उघड्या पडलेल्या उतारावर पहिल्या पावसात माती वाहून जाईल, आणि मग तिथे पुन्हा कोण उगवेल? चीडच. अधिक शहाणपणाचा मार्ग हळू आहे. गावाजवळच्या ओलसर उतारांवर, ओढ्यांच्या कडेला, बांज आणि त्याच्या सोबत्यांना गुरांपासून आणि आगीपासून काही वर्षे जपायचे. चिडाच्या छायेतही बांजची रोपे तग धरू शकतात, कारण त्यांना सावली सोसते. उन्हाळ्याआधी वाटांवरचा आणि जाळरेषांवरचा पिरूल उचलायचा. या पिरूलपासून कांड्या, कोळशाच्या विटा, वीज करण्याचे प्रयोग झाले आहेत. २०२४ साली राज्य सरकारने तो पैसे देऊन गोळा करण्याची मोहीमही काढली. पण उभ्या चढावर वजनाला हलका, आकाराने अवाढव्य असा हा माल वाहायचा कुणी? बहुतेक ठिकाणी बायकांनीच. त्यांच्या घामाला रास्त मोल मिळाले तरच योजना टिकेल. आणि जंगलाच्या निर्णयात गावाला खरा वाटा असला पाहिजे. १९२१ चा धडा हाच आहे, की जे जंगल आपले वाटत नाही ते विझवायला कुणी धावत नाही.

आपल्या मराठी मुलखातून दरवर्षी हजारो लोक मे महिन्यात नैनिताल, रानीखेत, कौसानीकडे जातात. नेमका तोच वणव्याचा महिना. तुमच्यापैकी कुणी यंदा जाणार असेल, तर माझ्या दोन विनंत्या आहेत. चिडाच्या बनात काडी पेटवू नका, चहासाठी नाही, शेकोटीसाठी नाही आणि सिगारेटसाठी तर मुळीच नाही. दुसरी विनंती अशी : खाली पडलेली एक जुडी उचला, तीन सुया मोजा, मग आसपास पाहा. एखाद्या चिडाच्या बुंध्याशी, सावलीत, करवती कडेच्या, खालून पांढुरक्या पानांचे एखादे लहानसे रोप दिसले, तर ते बांजचे असेल. त्याच्यावर पाय न देता पुढे जा. त्याला मोठे व्हायला अजून पुष्कळ उन्हाळे काढायचे आहेत.